सारजाबाईचं नाक

या दिवाळी अंकासाठी मी पटकीच्या साथींवर लिहावं, असं संपादकांचं म्हणणं होतं. गोंदियाच्या दवाखान्यात सब-असिस्टंट सर्जन म्हणून मी बरीच वर्षं काढली. पटकी, हिवताप, साप चावलेली माणसं आणि भातगिरणीच्या पट्ट्यात हात सापडलेले मजूर यांच्यावर मी पानंच्या पानं लिहू शकेन. पण ती कामं माझ्या जागी कुणीही डॉक्टर असता तरी त्यानं केलीच असती. माझ्या हातून एक गोष्ट मात्र अशी झाली, जी करू नका असं तीन शहाण्या माणसांनी सांगितलं होतं. त्यांतला एक मीच होतो. तेव्हा पटकी राहू द्या. मी नाकाबद्दल लिहितो.

नाकावर एक कॅन्सर होतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीला तो क्वचितच होतो, पण होतो. सुरुवात मसुराएवढ्या फोडीनं होते. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून चुना लावतो, बिब्बा लावतो. वर्ष-दोन वर्षांत नाकपुडीची कड झिजलेली दिसते आणि मग तो दवाखान्यात येतो. उपाय एकच, भोवतालच्या चांगल्या कातडीसकट कापून काढणं. रोग जातो, पण नाकही जातं. तोंडाच्या मधोमध भोक राहतं.

आमच्या भागात नाक नसलेल्या माणसाकडे लोक रोगी म्हणून बघत नसत. नाक कापणं ही शिक्षा होती, विशेषतः बायकांसाठी. त्यामुळे नवा माणूस भेटला की तो आधी विचार करायचा, यानं काय केलं असेल.

पहिला असा रोगी लखमा. बोदलकशाच्या तलावाकडचा ढिवर, मासे धरून विकणारा, साठीच्या पुढचा, छातीत दमा भरलेला. मी त्याचं नाक काढलं आणि जखम भरून आली. कपाळाची कातडी वळवून नवं नाक करण्याची रीत मला पुस्तकातून ठाऊक होती. नागपूरला शिकत असताना एकदा लांबून पाहिलीही होती. पण त्या काळी एवढ्या लांब शस्त्रक्रियेला क्लोरोफॉर्म द्यायचा, आणि लखमाच्या छातीला तो सोसला नसता. मी त्याला पत्र्याचं नाक करून दिलं. चष्म्याच्या काड्यांना जोडून, रंग लावून. त्यानं ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी परत आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

"पोरं पाहून पाहून हासून राह्यले," तो म्हणाला. "रोग काढला तुमी, लय उपकार. पर मी आता मच्छी घेऊन बजारात कसा बसू? कोन घेईल माह्या हातची?"

मी म्हटलं, "लखमा, जीव वाचला ना."

तो उठला. तोंडाला गमछा गुंडाळून निघून गेला. पुढच्या थंडीत दम्यानं गेला. तोवर तो घराबाहेर पडलाच नव्हता, असं त्याच्या गावच्या कोतवालाकडून कळलं. मी चुकलो होतो असं आजही म्हणवत नाही. पण 'जीव वाचला ना' हे वाक्य मी नंतर कुणाला म्हटलं नाही.

सारजाबाई आली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी. आमगावच्या पुढच्या एका खेड्यातली सुईण. मुलगा मंसाराम, खंडानं धानाची शेती करणारा, तिला रेल्वेनं घेऊन आला होता. सत्तरीला टेकलेली, काटक बाई, पण दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबली. पाय सुजलेले. नाडी बोटाखाली नीट चालत नव्हती, मधे ठोका गाळायची. आडवं निजता येत नाही, भिंतीला टेकून झोपते, असं तिनं सांगितलं. म्हणजे हृदय थकलेलं. आणि नाकाची उजवी बाजू रोगानं खाल्लेली.

नाक काढावं लागेल, हे मी तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली, "काढ."

क्लोरोफॉर्मचा प्रश्नच नव्हता. तिला बसवूनच, जागा बधिर करणाऱ्या नोव्होकेनच्या सुया देऊन, जागेपणी मी तो भाग काढला. उजवी बाजू, शेंडा आणि डावीचा बराचसा भाग. माझा ड्रेसर रामाधीन तिचं डोकं धरून उभा होता. तो उत्तरेकडचा माणूस, पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळात काम करून आलेला. मी जेवढ्या जखमा पाहिल्या त्याच्या चौपट त्यानं बांधल्या असतील. काढलेला तुकडा नागपूरला तपासणीला पाठवला. कडा स्वच्छ असल्याचं उत्तर आलं. जखम भरली आणि ती गावी गेली. जाताना हृदयासाठी डिजिटॅलिसचं औषध दिलं. पाय उतरले, पायऱ्या एका दमात चढू लागली. माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं.

सहा महिन्यांनी ती परत आली. रोग उलटला असेल म्हणून मी तोंडावरचं फडकं काढून बघितलं. जागा चांगली होती.

"मंग काऊन आली?" मीही तिच्यासारखं बोलायला शिकलो होतो.

ती बाकावर बसली. दम खाऊन म्हणाली, "गावात तीन बारंतपनं झाली, बाबू. मले एकानंबी नाई बलावलं. तिसऱ्या घरी मी आपल्या मनानं गेली. त्या घरातला मालक माह्याच हातावर पैदा झालता. त्याची माय दारात उभी राह्यली. म्हने, सारजा, नवीन जीव पैल्यांदा तुहं तोंड पाहील, बरं नाई. दुसऱ्या गावची दाई आनली त्यानं. तिनं पोरगी मारली. आडवी होती पोरगी, फिरवता नाई आली तिले."

तिनं आपले दोन्ही तळहात उलटे करून पाहिले. मग म्हणाली, "मी फिरवली असती."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. एखाद्या मिस्त्रीनं दुसऱ्याची पडलेली भिंत बघून बोलावं, तसं ती बोलली.

"नाक बसव," ती म्हणाली. "तो रामाधीन सांगत होता, कपारावून कातडी आनून बसवतेत म्हने."

मी तिला समजावलं. हृदय कमजोर आहे, एकदा नव्हे तीनदा टेबलावर यावं लागेल, त्यात जीव जाऊ शकतो. मंसारामही म्हणाला, "बुढे, घरी काय कमी हाय तुले? बसून खाय."

"कायले बसू?" ती त्याला म्हणाली. "तुह्या घरची म्हैस बी बसून नाई खात."

त्या महिन्यात जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन तपासणीला आले. त्यांना मी तिची नाडी दाखवली. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "अहो, रोग बरा झाला आहे. हौसेसाठी मरण ओढवून घेऊ नका. उद्या ती टेबलावर गेली तर तुम्ही काय उत्तर देणार?" रामाधीनही नंतर हळूच म्हणाला, "साहब, बुढ़िया का दम देखिए. मैंने जवान सिपाही को इसमें जाते देखा है." आणि माझं स्वतःचं मत त्या दोघांसारखंच होतं.

तरी मी सिव्हिल सर्जनसाहेबांना म्हटलं, "साहेब, ही हौस नाही. तिचं काम बंद पडलंय. अजून दोन-तीन वर्षं तिच्याजवळ आहेत. ती कशी काढायची हे तिनं ठरवायचं." त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "हळू करा. एका बैठकीत जास्त करू नका." मला तेवढं पुरे होतं.

आता हे काम कसं करतात ते सांगतो. कातडीचा तुकडा कापून दुसरीकडे नुसता चिकटवला तर एवढा जाड तुकडा जगत नाही, कारण त्याला रक्त मिळत नाही. म्हणून कपाळावर, भुवयांच्या मधून केसांपर्यंत, उभी पट्टी आखायची. तीन बाजूंनी कापून उचलायची, पण खाली भुवयांजवळ देठ तसाच ठेवायचा. देठातून रक्त येत राहतं. मग पट्टी खाली वळवून नाकाच्या जागी शिवायची. तीन आठवड्यांत ती नव्या जागेतून रक्त घ्यायला लागते, तेव्हा देठ कापायचा. सारजाबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डांगराच्या वेलासारखं. मूळ वाडीत, अन् वेल छपरावर." मी म्हटलं, अगदी तसंच.

मी त्यात एक पायरी वाढवली. पहिल्या बैठकीत पट्टी फक्त उचलायची आणि परत जागच्या जागी शिवून टाकायची. त्यामुळे देठातून रक्त घ्यायची तिला सवय लागते, आणि रोग्याला एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसावं लागत नाही. वेळ हा खरा शत्रू होता. म्हणून मी आधी सराव केला. कान्होबाच्या मूर्ती करणाऱ्या एका कुंभाराकडून तिच्या मापाचा मातीचा चेहरा करून घेतला, बिननाकाचा. त्यावर ओलं मऊ चामडं ठेवून रोज दुपारी कापत आणि शिवत बसायचो. पट्टीचा आकार चुकायचा. सपाट कातडीतून गोल नाक काढायचं म्हणजे शिंप्याचंच काम. शेवटी रामाधीनच्या बायकोनं तो प्रश्न सोडवला. ती घरी बिड्या वळायची. तिनं तेंदूची पानं त्या मातीच्या चेहऱ्यावर दुमडून, कातरीनं एक-एक कड कमी करत, पाचव्या पानाला बरोबर आकार काढला. ते पान उलगडून मी त्याच्या मापाचा लिंटचा, म्हणजे जखमेवरच्या मऊ कापडाचा, नमुना कापला आणि उकळून ठेवला.

तिला आडवं निजवता येत नव्हतं, म्हणून डोकं टेकायला मागे आधार असलेली खुर्ची हवी होती. तशी खुर्ची अख्ख्या गोंदियात फक्त स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे होती. त्यानं दिली. प्रत्येक बैठकीच्या दिवशी त्याची गिऱ्हाइकं जमिनीवर बसून दाढी करून घेत, आणि तो सगळ्यांना सांगे की खुर्ची सरकारी कामावर गेली आहे.

पहिली बैठक ठीक झाली. बारा दिवसांनी दुसरी, म्हणजे मोठी. सकाळी आठाला सुरुवात केली. भोकाच्या काठची कातडी आत दुमडून अस्तर केलं. कपाळाची पट्टी उचलली. अजून रंग चांगला होता. ती वळवून खाली आणली, शेंड्याला पहिला टाका घातला, आणि रामाधीन, ज्याचं बोट तिच्या नाडीवर होतं, म्हणाला, "साहब, नाड़ी भाग रही है."

तिचे ओठ काळवंडले होते. श्वास वर वर चालला होता. माझ्या हातात अर्धवट लटकणारी पट्टी, कपाळ उघडं. मी सुई खाली ठेवली. कपाळावर आणि पट्टीवर मिठाच्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं धरलं, तिला पुढे वाकवून टेबलावरच्या उशीवर हात टेकायला लावले, आणि हृदयासाठी तयार ठेवलेली सुई दिली. मग आम्ही थांबलो. शस्त्रक्रियेत थांबणं हेही एक काम असतं, आणि ते मला सगळ्यात कठीण गेलं. पाव तास मी तिच्या पाठीकडे बघत उभा होतो आणि मनात उत्तर तयार करत होतो, सिव्हिल सर्जनना द्यायचं.

हळूहळू श्वास खाली आला. रामाधीननं मान हलवली. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "माय, पट्टी परत कपाळावर लावून देऊ का? आज राहू दे."

तिनं डोळे उघडले. "नाकावर लाव."

"बधिर करायच्या सुईचा असर उतरत आलाय. पुन्हा जास्त औषध देता येणार नाही. टाके लागतील."

"लागू दे. बायका काय सुई घेऊन पोरं जनतेत?"

मी टाके घातले. सतरा-अठरा असतील. ती खुर्चीचे हात धरून बसली होती. आवाज एकदाही काढला नाही. नाकपुड्यांत रबरी नळीचे दोन तुकडे बसवले, भोकं बुजू नयेत म्हणून. कपाळाच्या जखमेचा जेवढा भाग शिवता आला तेवढा शिवला, बाकी आपोआप भरायला सोडला. घड्याळात बघितलं तेव्हा साडेनऊ झाले होते, ठरवलेल्या अर्ध्या तासाचा दीड तास.

दुसऱ्या दिवशी दुपारी जखमेवरचं बँडेज सोडलं. नव्या नाकाचा शेंडा निळाकाळा पडला होता. देठातून रक्त आत जात होतं, पण बाहेर निघत नव्हतं. असं साचलं की कातडी मरते. मी दोन टाके सैल केले. सुईनं टोचलं तर काळं रक्त आलं आणि थांबलं. रामाधीन खिडकीबाहेर बघत होता. मंसाराम दारात उभा होता.

"रंग कसा हाये?" सारजाबाईनं विचारलं. आरसा आम्ही तिला दिला नव्हता.

"बरा नाही," मी म्हटलं.

"निरा का पांढरा?"

"निळा."

"मंग कायले घाबरून राह्यला?" ती म्हणाली. "निरा पोरगा रडते. पांढरा नाई रडत. निऱ्यात जीव असते, बाबू." मग थोडं थांबून म्हणाली, "जरू लाव. खराब रक्त वढून घेते ते."

जळवा लावण्याबद्दल मी शिकताना वाचलं होतं, पण आमच्या पिढीच्या डॉक्टरांना ते वैदूंचं काम वाटायचं. सरकारी दवाखान्यात जळू लावली असं कळलं तर लोक हसतील, हा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. तो विचार फार वेळ टिकला नाही. मंसारामला धानाच्या बांधीत जळवा शोधायला सांगायची गरज नव्हती. तो ऐकत होता, आणि मी वळलो तेव्हा तो फाटकाबाहेर पडलेला होता. तासाभरात मडक्यात सात-आठ घेऊन आला. स्वच्छ पाण्यात धुऊन आम्ही एकेक शेंड्यावर लावली. पहिली सुटली तेव्हा तिच्या जागेतून काळं रक्त झिरपत राहिलं, मग लाल. संध्याकाळपर्यंत शेंडा जांभळा झाला. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी बोटानं दाबून सोडलं तर जागा पांढरी होऊन पुन्हा भरत होती. उजव्या नाकपुडीचा कोपरा मात्र गेला, तिथे खाच राहिली. ती चूक माझी. तिथला टाका मी घट्ट ओढला होता.

तीन आठवड्यांनी देठ कापला. त्यानंतर तिला आरसा दिला. तिनं बराच वेळ बघितलं. नाक जाड होतं, भोवतालच्या कातडीपेक्षा काळं होतं, आणि खाच लपत नव्हती. कपाळावर उभा व्रण. मी म्हणालो, "आणखी एकदा बसलीस तर बारीक करून देतो."

"राहू दे," ती म्हणाली. "लगनाले नाई जाऊन राहिली मी."

पुढच्या पावसाळ्यात आमगावकडून एका अडलेल्या बाळंतिणीसाठी निरोप आला. सकाळची गाडी पकडून गेलो. आत शिरलो तर बाजेजवळ सारजाबाई बसलेली, बाह्या वर केलेल्या. तिनं मला ओळख दाखवली नाही. "हात धू," म्हणाली. मूल आडवं होतं. ती बाहेरून पोटावर हात ठेवून ते वळवत होती, दुखणं आलं की थांबत होती, ओसरलं की पुन्हा. तिला दम लागत होता, मधेच ती भिंतीला टेकायची. मी माझी हत्यारं उकळून तयार ठेवली आणि बाजूला बसलो. ती लागली नाहीत. दुपारी मुलगा झाला, निळा, आणि तिनं पाठ चोळल्यावर रडला. घरातल्या कुणीही तिच्या नाकाकडे बघत नव्हतं. मी मात्र बघत होतो. खाचेजवळ घामाचा थेंब अडकला होता.

त्यानंतर ती दोन धानकापण्या जगली. तिला औषध पोहोचायचं. शेवटचं मंसारामच घेऊन गेला होता, आणि तोच महिन्यानं सांगायला आला की बुढी गेली. दुपारी जेवण करून भिंतीला टेकून बसली होती, हाक मारली तर बोलली नाही. मी त्याला बसायला सांगितलं. आम्ही दोघांनी चहा घेतला. मग त्याला गाडी होती, तो गेला.

पंधरा दिवस झाले असतील. बाहेरच्या रांगेत एक म्हातारा गोंड शेतकरी बसला होता, डोळ्यांपर्यंत दुपट्टा. त्याची पाळी आली. त्यानं दुपट्टा सोडला. डावी नाकपुडी रोगानं संपलेली, आणि श्वास घेताना छाती शिटी वाजवल्यासारखी वाजत होती. थेट लखमासारखी.

"कुणी पाठवलं?" मी विचारलं.

"सारजा सुइनीनं. मरायच्या आधी सांगतलं होतं. मी म्हनलो, असं कुटी होते का. तर तिनं मले आपल्या नाकाले हात लावू देल्ला." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "गरम होतं, साहेब. मंग मी आलो."

मी कानात नळी घातली आणि त्याला सदरा वर करायला सांगितला. आधी छाती ऐकायची होती.